जिभेखालची गोळी तालुक्याला का मिळत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात आशा स्वयंसेविका असलेल्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नांचे हे उत्तर आहे. त्यांचा सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ मालवाहू पिकअप चालवतो. पाठदुखीवर म्हणून सुरू झालेल्या ट्रामाडॉलच्या गोळ्या चार वर्षांत दिवसाला वीसवर गेल्या आणि जोडीला खोकल्याच्या औषधाची बाटली आली. आता नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला बुप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली असून ती किमान वर्ष-दोन वर्षे घ्यावी लागेल, असे सांगितले आहे. ताईंचे प्रश्न तीन आहेत: हे एक व्यसन सोडवून दुसरे लावणे नव्हे का, ही गोळी आमच्या ग्रामीण रुग्णालयात का मिळत नाही, आणि सरकारने मनावर घेतले तर नेमके काय बदलावे लागेल. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाची बहुतेक वर्षे विदर्भातच गेली आहेत, म्हणून जे पाहिले त्याच्या आधाराने लिहितो.

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मनाला पटल्याशिवाय बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थ राहत नाही.

अफू, ब्राऊन शुगर, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, पेंटाझोसिनचे इंजेक्शन ही सगळी एकाच कुळातली. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर आपल्या शरीरातली नैसर्गिक वेदनाशामके बसतात, त्याच जागी हे पदार्थ जाऊन बसतात आणि ते रोज बाहेरून मिळू लागले की मेंदू आपली सारी घडी त्यांच्या हिशेबाने बसवून घेतो. मग ते उतरले की नाक गळते, एकामागून एक जांभया येतात, हाडे ठणकतात, जुलाब लागतात, रात्रभर पाय झाडले जातात. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन आणि पंखा गरम वारा फेकतो आहे, अशा मे महिन्यात अंगाभोवती चादर घट्ट लपेटून, हातावर काटा फुललेला, कुडकुडत बाकावर बसलेला पंचवीस वर्षांचा मुलगा मी कितीदा पाहिला आहे. त्या क्षणी त्याला मौज नको असते. त्याला फक्त हे थांबायला हवे असते, आणि ते थांबवण्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक असतो.

बुप्रेनॉर्फिनही त्याच कुळातले आहे, हे लपवण्याचे काही कारण नाही. अफूच्या झाडातल्याच थेबाइन नावाच्या द्रव्यापासून ते तयार होते. फरक आहे तो त्याच्या वागण्यात. ते रिसेप्टरला घट्ट धरून बसते, पण त्याला अर्धवटच चालना देते. त्यामुळे तलफ आणि अंगदुखी शमते, मात्र झिंग चढत नाही, आणि एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी श्वास मंदावण्याचा धोका त्या प्रमाणात वाढत नाही. त्याचा परिणाम चोवीस तास व त्याहूनही अधिक टिकतो, म्हणून दिवसातून एकदा पुरते. दर चार-सहा तासांनी चढणे आणि उतरणे हेच ज्याचे आयुष्य झाले होते, त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग एकसारखे राहता येते. व्यसन म्हणजे केवळ रोज काहीतरी घेणे नव्हे. घेण्याच्या मागे लागून घरदार, काम, पैसा आणि शब्द यांची वाताहत होणे म्हणजे व्यसन. एका कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या मुलाने मला हे माझ्यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगितले होते: "साहेब, हे गोयी घेतली तं मी वावरात जातो, नाही घेतली तं दिवसभर दुसरी गोयी शोधत फिरतो."

मात्र आपल्या भागात हे पटवून देणे अवघड जाते, आणि त्याचे कारण मला आपल्या चांगुलपणातच दिसते. गाडगेबाबांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची भजने यांवर वाढलेला हा प्रदेश आहे. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. बायाबापड्यांनी मोर्चे काढून मिळवलेल्या या लढ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यातून आपल्या मनात एक मोजमाप पक्के बसले, ते म्हणजे 'पूर्ण बंद' झाले तरच व्यसन सुटले. दारूच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी लागू पडते, कारण दारूची जागा सुरक्षितपणे घेईल असे औषध आपल्याकडे नाही. अफूच्या कुळाच्या बाबतीत तसे औषध आहे, आणि तरीही तेच मोजमाप लावले तर माणसे मरतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका केंद्रात आम्ही ब्राऊन शुगर घेणाऱ्या एका मुलाला दहा दिवस दाखल करून, त्याचे अंग दुखण्याचे दिवस पार पाडून, कोरडा करून घरी पाठवले. जाताना आईने पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात तो शौचालयात मृतावस्थेत सापडला. दहा दिवसांत त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरली होती आणि परत तलफ आल्यावर त्याने जुन्याच मापाने घेतले. शरीर कोरडे करून माणसाला औषधाशिवाय घरी पाठवल्यानंतरचे पहिले काही आठवडे हे या आजारातले सर्वांत धोक्याचे दिवस असतात, हे जगभरच्या अनुभवातून सिद्ध झालेले आहे. उलट मेथाडोन (याच उपचारासाठी वापरले जाणारे त्याच कुळातले दुसरे औषध) किंवा बुप्रेनॉर्फिनवर टिकून राहिलेल्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण उपचाराबाहेर असलेल्यांच्या निम्म्याहून कमी आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. भारताच्या २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही बुप्रेनॉर्फिन आहे. त्या मुलाला ते मिळायला हवे होते आणि आम्ही ते दिले नाही, याची टोचणी मला आजही आहे.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे गोळी तालुक्याला का नाही. इथे थोडे खोलात जावे लागेल, कारण हा प्रश्न औषधाच्या किमतीचा नाही आणि दुर्मीळतेचाही नाही. बुप्रेनॉर्फिन आपल्या देशात बनते.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात २ कोटींहून अधिक लोक अफूच्या कुळातला कोणता ना कोणता पदार्थ घेतात, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना त्यामुळे मदतीची गरज भासेल इतका त्रास आहे. असे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचेही नाव आहे. त्याच सर्वेक्षणात असेही दिसले की, बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर २० जणांत एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले. लोक उपचार टाळतात असे आपण सहज म्हणतो. मला मात्र दिसते ते असे की उपचार लोकांपासून फार लांब आहेत.

हे अंतर कायद्याने आणि नियमांनी तयार झाले आहे. बुप्रेनॉर्फिन हे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या, परिशिष्टात मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ म्हणून नोंदलेले आहे. व्यसन-उपचारासाठी वापरायच्या मात्रेची गोळी व्यसनमुक्ती केंद्रांनाच पुरवावी, अशा अटीवर तिला परवानगी मिळाली. म्हणून ती गावातल्या मेडिकलमध्ये ठेवली जात नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पण गोळी केंद्रातच मिळायची असेल तर केंद्र तरी जवळ हवे. एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, सुईने नशा करणाऱ्यांकरिता अशी केंद्रे काढली. ती साहजिकच जिथे सुईने नशा करणारे एकवटले आहेत अशा भागांत निघाली. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रे बहुतेक दाखल करून घेऊन समुपदेशन करणारी आहेत. आरोग्य खात्याचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आहे, पण त्याच्या औषधांच्या यादीचा आणि मनुष्यबळाचा भर नैराश्य, स्किझोफ्रेनिया, फिट यांवर राहिला. एनडीपीएस कायदा महसूल विभागाकडे, अमली पदार्थविरोधी तपास गृह खात्याकडे आणि दुकानांची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. तुमचा भाऊ नशेत सापडला तर त्याच्यासाठी कोणते खाते आहे हे स्पष्ट आहे. तो उपचार मागायला आला तर कोणते, हे स्पष्ट नाही.

पुरवठा रोखण्याच्या बाबतीत मात्र धोरण झटपट हलले. एप्रिल २०१८मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आणले गेले. निर्णय आवश्यक होता. फिट येऊन पडलेले ट्रामाडॉलचे रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. परंतु ज्या दिवशी ती गोळी आवळली, त्या दिवशी तिच्यावर अवलंबून असलेल्या हजारो माणसांचे काय करायचे, याची सोय तालुक्याच्या पातळीवर झाली नाही. ज्यांना ती चिठ्ठीशिवाय मिळत होती त्यांतले काही जण दुप्पट किमतीला चोरून घेऊ लागले, काही इंजेक्शनकडे वळले, काही ब्राऊन शुगरकडे. पुरवठा आवळणे आणि उपचार पोहोचवणे ही दोन कामे एकाच दिवशी सुरू व्हायला हवी होती.

अंतराचा रुग्णाच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हे एका दिवसाच्या हिशेबात सांगतो. सुरुवातीच्या काळात गोळी केंद्रातच, नर्सच्या डोळ्यांसमोर घ्यायची असते. सिस्टर गोळी बारीक करून जिभेखाली ठेवतात, रुग्ण बाकावर पाच-सात मिनिटे न बोलता, न गिळता बसतो, मग तोंड उघडून दाखवतो आणि रजिस्टरवर सही करतो. सारे मिळून दहा मिनिटांचे काम. त्या दहा मिनिटांसाठी तुमच्या भावाने पहाटेची एसटी धरून दीडशे किलोमीटर जायचे आणि संध्याकाळी परतायचे. आणि हे रोज. सिरोंच्यासारख्या ठिकाणच्या माणसाला तर जिल्ह्याचे गाव गाठायलाच दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास आहे. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की कापूस किलोवर वेचला जातो. वावरात नसलेल्या माणसाचा रोज सरळ बुडतो. पहिल्या महिन्यात नियमाने येणारे माझे रुग्ण वेचणीच्या हंगामात गळतात आणि सोंगणी आटोपली की पुन्हा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर गेलेले परत येतात. आमच्या कागदांवर त्याची नोंद 'रुग्णाने उपचार सोडले' अशी होते. मला ती नोंद अन्यायाची वाटते.

ताई, हे असेच चालले पाहिजे असे नाही, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? क्षयरोगाची औषधे एकेकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत. आज तुम्ही स्वतः ती रुग्णाच्या ओट्यावर बसून देता, रिकामी पाकिटे मोजता, वजन लिहून घेता. एचआयव्हीची मोफत औषधे एप्रिल २००४मध्ये मोजक्या मोठ्या रुग्णालयांत सुरू झाली, पुढे लिंक केंद्रे उघडून ती खालपर्यंत आली. दोन्ही वेळा केंद्र सरकारने खर्च उचलला, पुरवठ्याची साखळी एकच ठेवली आणि ग्रामीण रुग्णालयातल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरवर विश्वास टाकला. बुप्रेनॉर्फिनसाठी मला नेमके हेच हवे आहे, आणि यातले काहीही नव्याने शोधायचे नाही.

इतर ठिकाणी काय घडले तेही पाहू. फ्रान्सने १९९०च्या दशकाच्या मध्याला कोणत्याही सामान्य डॉक्टरला ही गोळी लिहून देण्याची मुभा दिली. १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले. अमेरिकेने उलटी वाट धरली. तिथे २०००च्या कायद्यानुसार डॉक्टरला या गोळीसाठी आठ तासांचे प्रशिक्षण घेऊन वेगळा परवाना काढावा लागे आणि पहिल्या वर्षी तीसच रुग्ण घेता येत. पुढे ही मर्यादा शंभर आणि २०१६पासून काही डॉक्टरांसाठी २७५ झाली. दरम्यान तिथे अतिमात्रेने मरणाऱ्यांचा आकडा वर्षाला लाखावर गेला. शेवटी डिसेंबर २०२२मध्ये कायदा करून तो वेगळा परवाना रद्द करण्यात आला. मात्र पुढचा भाग धोरण आखणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे: परवाना गेल्यावर गोळी लिहून देणारे डॉक्टर वाढले, पण ती घेणारे रुग्ण त्या प्रमाणात वाढले नाहीत. अट काढली म्हणजे सेवा उभी राहिली असे होत नाही. डॉक्टरच्या मनातली भीती, दुकानात साठा नसणे आणि रुग्णाविषयीचा दूषित ग्रह यांना परिपत्रकाने हात लागत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण पंजाबचे. ऑक्टोबर २०१७मध्ये तिथे काही जिल्ह्यांत बाह्यरुग्ण पद्धतीने बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन देणारी केंद्रे सुरू झाली आणि पुढे सरकारी रुग्णालयांपासून तुरुंगांपर्यंत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. दाखल व्हायचे नाही, सकाळी गोळी घ्यायची आणि शेतावर जायचे. पंजाबात गोळ्या बाहेर विकल्या गेल्याच्या तक्रारीही झाल्या आणि त्या खऱ्या धरूनच आपण आखणी केली पाहिजे. गोळीत नॅलॉक्सोन, म्हणजे अफूच्या कुळाचा परिणाम उलटवणारे औषध, मिसळतात ते त्यासाठीच: जिभेखाली ठेवली तर ते शोषले जात नाही, पण कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर ते अंगात जाऊन तलफेचा त्रास उसळवते. तरीही गैरवापर शून्यावर येणार नाही. माझे मत असे की, थोड्या गोळ्या बाहेर जातील या भीतीने सर्वांनाच गोळीपासून लांब ठेवणे, म्हणजे काही जण पाकिटे विकतील म्हणून क्षयाचे औषधच बंद करण्यासारखे आहे.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. सर्वांत आधी या उपचाराचे पालकत्व एका खात्याकडे, म्हणजे आरोग्य खात्याकडे, स्पष्टपणे सोपवावे. सामाजिक न्याय मंत्रालयाने १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू केले, १४४४६ ही मदतवाहिनी चालवली. जनजागृती त्यांनी जरूर करावी. पण जागृत होऊन आलेल्या माणसाच्या जिभेखाली गोळी ठेवणारा हात आरोग्य खात्याचाच असला पाहिजे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात ही सेवा असावी, गोळ्या राष्ट्रीय कार्यक्रमातून क्षयाच्या औषधांसारख्या याव्यात आणि साठा संपला तर त्याचे उत्तर जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावे लागावे.

मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला मिळणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. त्याची गरजही नाही. गोळी सुरू करण्याचे तंत्र एखादा सजग वैद्यकीय अधिकारी काही दिवसांत शिकू शकतो. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच की, आधीचा पदार्थ उतरून त्रासाची लक्षणे दिसू लागल्याशिवाय पहिली गोळी द्यायची नाही, नाहीतर तोच त्रास अचानक उसळतो आणि रुग्ण परत येत नाही. अडचणीच्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाने फोनवर डॉक्टरशी बोलावे. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एनडीपीएस कायद्यातली औषधे रुग्णाला दुरून लिहून देता येत नाहीत. पण रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरने सल्ला द्यायला त्या सूचनांची आडकाठी नाही. चिठ्ठीवर सही समोरच्या डॉक्टरची राहील. एवढी सोय केली तरी यवतमाळ, मेळघाट, गडचिरोली इथले चित्र पालटेल असे मला ठामपणे वाटते.

घरी न्यायच्या गोळ्यांचा नियम हा माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. २०२०च्या टाळेबंदीत रोज केंद्रात येणे अशक्य झाले, तेव्हा नॅकोने आणि पंजाबनेही रुग्णांना अनेक दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला परवानगी दिली. जे कालपर्यंत धोक्याचे म्हणून अमान्य होते, ते गरज पडल्यावर एका रात्रीत शक्य झाले. पहिले दोन-तीन आठवडे समोर, मग स्थिरावलेल्या रुग्णाला आठवड्याच्या, पुढे पंधरा दिवसांच्या गोळ्या, अशी पायरी धोरणातच लिहिलेली असावी. ती डॉक्टरच्या धाडसावर सोडू नये. आणि खिडकी सकाळी सातला उघडावी. मजूर माणूस दहाच्या ओपीडीला येऊ शकत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

त्याच खिडकीबद्दल आणखी एक. गावात कोण कोणत्या रांगेत उभे आहे ते तासाभरात चावडीवर पोहोचते. व्यसनाच्या गोळीसाठी वेगळी खोली, वेगळा रंगीत कागद, वेगळी पाटी नको. रक्तदाबाची गोळी जिथून मिळते तिथूनच ही मिळावी. स्त्रिया तर वेगळ्या पाटीखाली कधीच येणार नाहीत. पेंटाझोसिनची इंजेक्शने घेणाऱ्या बाया आपल्या भागात आहेत, त्या पोटदुखीच्या नावाखाली एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतात आणि त्यांची गणती कुठेच होत नाही.

पोलिसांची भीती हे न येण्याचे मोठे कारण असते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते. उपचारच दीडशे किलोमीटरवर असतील तर ते अर्धवट सुटणारच, आणि त्याची शिक्षा रुग्णाला, हा या कलमातला विरोधाभास दूर व्हायला हवा.

कायद्याचा आधार तर आपल्या बाजूचाच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकार मानसिक आजारांत गणले आहेत, आणि त्याच्या कलम १८मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि सेवा तिच्या राहत्या ठिकाणाजवळ असावी. नवे काही मागायचे नाही; संसदेने दिलेले वचन तालुक्यापर्यंत आणायचे आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, रुग्ण कल्याण समितीपुढे अर्ज, आमदारांकडे निवेदन, यांत या कलमाचा उल्लेख आकड्यासह करा. नुसती 'व्यसनमुक्ती केंद्र द्या' अशी मागणी केली तर एक इमारत मिळते. 'ग्रामीण रुग्णालयाच्या औषध यादीत बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला प्रशिक्षण द्या' अशी मागणी केली तर गोळी मिळण्याची शक्यता आहे. अतिमात्रेवरचा उतारा असलेले नॅलॉक्सोनचे इंजेक्शन आकस्मिक विभागाच्या ट्रेमध्ये आहे का, हेही त्याच वेळी विचारा.

तोपर्यंत तुमच्या भावापुरते सांगतो. गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका, आणि महिनाभर बरा दिसला म्हणून घरच्यांनीही बंद करायला लावू नये. कमी करायची वेळ आली की डॉक्टर ती महिनोन्‌महिने हळूहळू कमी करतील. गोळीवर असताना दारू किंवा झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत, कारण एकट्या बुप्रेनॉर्फिनने सहसा न होणारा श्वासाचा धोका या जोडीने होतो. गोळ्या कुलपात ठेवा. लहान मुलाच्या तोंडात एक गेली तरी ती जिवावर बेतू शकते. पाठदुखी खरी आहे, तिचा वेगळा उपचार करून घ्या, आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेला तरी आपण ही गोळी घेतो हे त्याने आधी सांगावे. गाडीवर असताना पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठी सोबत ठेवावी. सुरुवातीचे काही दिवस, मात्रा बसेपर्यंत, स्टिअरिंगवर बसू नये.

वेचणी सुरू व्हायच्या आधीच नागपूरच्या डॉक्टरांशी बोलून पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी मिळतील का ते विचारा. क्षयाच्या रुग्णांसाठी तुम्ही जसे कार्ड ठेवता तसेच एक कार्ड त्याच्यासाठी करा, रोज तुमच्यासमोर गोळी घ्यायला लावून त्यावर खूण करा, आणि प्रत्येक खेपेला ते कार्ड आणि रिकामी पाकिटे त्याच्या हाती देऊन पाठवा. एवढ्या मोठ्या अंतरावरच्या रुग्णावर विश्वास टाकायला डॉक्टरांना त्याहून चांगला आधार मिळणार नाही.